बिनदेखभालीची खिडकी?

शाळेची इमारत नवी बांधली किंवा जुनीची दुरुस्ती निघाली, की हल्ली अनेक ठिकाणी लाकडी खिडक्यांच्या जागी पांढऱ्याशुभ्र यूपीव्हीसीच्या खिडक्या बसतात. ‘हिला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, रंग द्यावा लागत नाही’ असे विक्रेता सांगतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही काही वर्षांत यांतल्या काही खिडक्या पिवळट पडतात, सरकेनाशा होतात, पावसाळ्यात त्यांच्याखालून भिंतीवर पाण्याचे ओघळ येतात. मग ‘उघडूच नका’ असे ठरते. भरलेल्या वर्गातला वारा बंद होतो, आणि नव्या खिडकीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो.

विक्रेता खोटे बोलला नव्हता. पण त्याची तिन्ही विधाने प्लास्टिकबद्दल होती, खिडकीबद्दल नव्हती. खिडकीत प्लास्टिकबरोबर काच असते, रबराच्या पट्ट्या असतात, पोलादी स्क्रू, बिजागऱ्या आणि कड्या असतात. प्लास्टिकला फारसे काही लागत नाही, बाकीच्यांना लागते. आणि प्लास्टिकचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे आपल्या साफसफाईनेच होते. ते कसे, हे समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

‘यू’ म्हणजे काय?

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइड. व्हायनिल क्लोराइड हा वायू. त्याचे हजारो रेणू साखळीसारखे जोडले गेले की हा घन पदार्थ बनतो. साखळीच्या प्रत्येक कडीत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे तीन आणि क्लोरीनचा एक अणू असतो. दहावीच्या मुलांना अणुवस्तुमाने देऊन हिशेब करायला सांगा. कडीचे वस्तुमान ६२.५, त्यात क्लोरीनचे ३५.५, म्हणजे पीव्हीसीचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचाच!

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाऊमान याने १८७२ साली उन्हात ठेवलेल्या व्हायनिल क्लोराइडपासून पांढरा घन पदार्थ तयार होताना पाहिला. पण तो टणक आणि ठिसूळ होता, तापवून आकार द्यायला अवघड. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन याने तो जास्त उत्कलनबिंदू असलेल्या द्रवात तापवला आणि त्याला लवचीक पदार्थ मिळाला. द्रवाचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून बसतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात. अशा द्रवाला मृदुकारक म्हणतात. रेनकोट, विजेच्या तारांवरचे आवरण, टेबलावर अंथरायचे प्लास्टिक यांत तो असतो.

मृदुकारकाचा पुरावा मुलांच्या कंपासपेटीत सापडतो. पुष्कळसे पांढरे खोडरबर मऊ पीव्हीसीचे असतात. ते महिनाभर प्लास्टिकच्या पट्टीला टेकून राहिले, की पट्टीला चिकटतात आणि पट्टीवर खळगा पडतो. खोडरबरातला मृदुकारक हळूहळू बाहेर येऊन पट्टीत शिरतो, आणि तिला नरम करतो.

खिडकीला असे मऊ पडून चालणार नाही. म्हणून तिच्या पीव्हीसीत मृदुकारक घालत नाहीत. ‘अनप्लास्टिसाइज्ड’, म्हणजे मृदुकारकाविना, या शब्दातला पहिला स्वर म्हणजे हा ‘यू’. सांडपाण्याचा कडक पाइप आणि ही खिडकी एकाच घराण्यातली.

पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे

ज्या उन्हात बाऊमानला हा पदार्थ मिळाला, तेच ऊन त्याचे वैरीही आहे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचे रेणू सुटू लागतात. जिथून ते सुटतात तिथे कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध उरतो. असे सात-आठ बंध एकाआड एक ओळीने तयार झाले, की ते निळा प्रकाश शोषू लागतात आणि पृष्ठभाग आपल्याला पिवळट दिसतो.

हे टाळण्यासाठी कारखान्यात दोन गोष्टी मिसळतात. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीमुळे अतिनील किरण वरच्या थरातच अडतात. सुटलेले हायड्रोजन क्लोराइड पुढची मोडतोड वाढवते. त्याला धरून ठेवण्यासाठी स्थिरकारक क्षार असतात. पूर्वी यासाठी शिशाचे क्षार सर्रास वापरत. आता त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम आणि जस्ताच्या क्षारांनी घेतली आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उन्हाने आलेला पिवळेपणा हा मळ नसल्याने साबणाने जाणार नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. तो काढण्यासाठी पॉलिश पेपर कधीही मारू नये. चकचकीत कातडी गेली की खरबरीत पृष्ठभागावर मळ अधिक धरतो. शिवाय खिडकीत शिसे आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. घासल्याने उडालेली धूळ वर्गातल्या बाकांवर बसेल, आणि लहान मुलांच्या शरीराला शिसे अगदी थोडेही घातक असते. खिडकी थोडी पिवळी राहिली तर काही बिघडत नाही.

आधी पाणी, मग फडके

धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ; मोहसच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक ७. काच साधारण ५.५ वर, आणि पीव्हीसी त्याहून पुष्कळ मऊ. म्हणजे कोरडे फडके दाबून फिरवणे हे पॉलिश पेपर मारण्यासारखेच झाले. शिवाय पीव्हीसी कोरड्या कापडाने घासले की त्यावर स्थिर विद्युतभार जमतो आणि पुसलेल्या जागी धूळ पुन्हा ओढली जाते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तोच हा प्रकार. ओल्या फडक्याने हे दोन्ही टळते.

म्हणून क्रम असा ठेवावा. खोबणीतली माती मऊ ब्रशने काढावी. साध्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा पातळ साबण घालून मऊ फडक्याने पुसावे, आणि शेवटी पुन्हा साधे पाणी. भांडी घासायची तारेची घासणी आणि खरखरीत पावडर खिडकीपासून दूर ठेवावी.

रंगाचा किंवा शाईचा डाग दिसला की हात थिनरकडे जातो. ते टाळावे. पीव्हीसीच्या रेणूत क्लोरीनच्या बाजूला थोडा ऋण आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन भार असतो. अशा पदार्थाला ध्रुवीय म्हणतात. नखांचे पॉलिश काढणारे ॲसिटोन, थिनरमधले द्रव हे पीव्हीसीत शिरून त्याला फुगवतात. पृष्ठभाग चिकट होतो आणि वाळल्यावर निस्तेज दिसतो. मग रॉकेल चालेल का? रॉकेल अध्रुवीय असल्याने प्लास्टिकला फारसे काही करत नाही. पण काचेभोवतीची काळी रबरी पट्टी बहुधा ईपीडीएम नावाच्या अध्रुवीय रबराची असते. ती रॉकेलने आणि तेलाने फुगते, वाकडी होते, आणि तिथून पाणी आत येते. समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत शिरतात, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

फरशी धुवायच्या ॲसिडचीही तीच कथा. पीव्हीसीला सौम्य ॲसिड काही करत नाही, पण त्याच्या वाफांनी स्क्रू आणि बिजागऱ्या गंजतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खालची भोके कशासाठी?

सरकत्या खिडकीच्या चौकटीला बाहेरच्या बाजूने, खाली, लांबट भोके असतात. यातून मुंग्या येतात म्हणून कुणी ती मेणाने बुजवतो, कधी कुंभारमाशी तिथे मातीचे घर बांधते, तर बहुतेक वेळा धुळीचा चिखल पुरेसा असतो. खिडकीतून पाणी आत येण्याचे हे एक मोठे कारण.

खिडकी पूर्ण जलरोधक असावी अशी तिची रचनाच नाही. खोबणीत पाणी येणार हे धरून त्याला बाहेर जायची वाट ठेवलेली असते. ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा खिडकीवर आदळला, की तिथला दाब सुमारे ९५ पास्कलने वाढतो. पाण्याच्या भाषेत ही जवळजवळ एक सेंटिमीटर उंची झाली. म्हणजे बाहेरचा वारा खोबणीतले पाणी एक सेंटिमीटर वर ढकलू शकतो. भोके बुजलेली असतील तर आधीच काठोकाठ भरलेली खोबण वर्गाकडे सांडते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक खोबणीत पेलाभर पाणी ओतून पाहावे. ते बाहेर गळले नाही, तर बारीक काडीने भोक मोकळे करावे.

चौकटीच्या पोकळीत बहुधा पोलादी पट्टी बसवलेली असते, कारण एकटे पीव्हीसी लांब चौकटीत वाकते. पडद्याच्या दांडीसाठी किंवा जाळीसाठी चौकटीत भोक पाडले, की पाणी त्या पोलादापर्यंत पोचते. म्हणून खिळा भिंतीत मारावा, चौकटीत नव्हे. किनाऱ्यावरच्या शाळांनी कड्या आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने वरचेवर पुसून कोरड्या कराव्यात. मिठाचा थर हवेतला ओलावा धरून ठेवतो.

बिजागरीला आणि कडीला वर्षातून दोनदा शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. रबरी पट्टीला लागलेले तेल लगेच पुसावे. खोबणीत मात्र तेल सोडू नये. तेलात धूळ मिसळली की घासून झिजवणारा लगदा तयार होतो.

उन्हाळ्यात झडप अडते तेव्हा

एक अंश सेल्सियस तापमान वाढले की एक मीटर यूपीव्हीसी सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबते. दोन मीटरची चौकट सकाळच्या मानाने दुपारी ३० अंशांनी तापली, तर वाढ किती? ४.२ मिलिमीटर! लोखंडात ती एक मिलिमीटरहूनही कमी असते. म्हणून एप्रिलमध्ये झडप घट्ट होते आणि संध्याकाळी सुटते. तिला रंधा मारू नये, हातोडीने ठोकू नये. बऱ्याच झडपांना वरखाली करण्याचा स्क्रू असतो. अडणे कायमचे झाले तर जाणकाराकडून तो फिरवून घ्यावा.

हेच प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास नरम पडते. शाळेत आहार शिजवण्याच्या खोलीत चूल किंवा शेगडी अशा खिडकीला लागून नसावी.

हे सारे काम मुलांच्या अभ्यासात बसण्यासारखे आहे. चौथीच्या मुलांनी खोबणीत पाणी ओतून ते कुठून बाहेर येते ते पाहावे. आठवीच्या मुलांनी सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता झडप आणि चौकट यांमधली फट मोजून आठवडाभर नोंदवावी. दहावीच्या मुलांनी कपाटातले प्रत्येक सफाईचे द्रावण ध्रुवीय की अध्रुवीय हे बाटलीवरील घटक वाचून ठरवावे, आणि खिडकीला कोणते चालेल याची यादी शिपाईमामांना लिहून द्यावी. बाटल्या उघडण्याची गरज नाही. अशी यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली, तर पुढच्या वर्षीची मुले तिच्यात भर घालतील.