माडाचा रस
(द्वितीय वर्ष, कला)

'माडी' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झिंगलेला माणूस उभा राहतो. पिणाऱ्याची चर्चा होते, काढणाऱ्याची होत नाही. मालवणकडे भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. माझे वडील आजही तो करतात आणि माझी फी त्याच मिळकतीतून भरली जाते. म्हणून ही विद्या येथे मांडतो.

रबराप्रमाणे माडाच्या खोडाला चीर देऊन रस मिळत नाही. पानांत तयार झालेली साखर फुलोऱ्याकडे जाते. ती वाटेतच अडवावी लागते. न उमललेल्या फुलोऱ्याला पोय म्हणतात. ती फुटू नये म्हणून सुंभाने आवळून बांधतात आणि लाकडी ठोकण्याने रोज हलक्या हाताने ठोकतात. जोर अधिक झाला तर पोय वाया जाते, कमी पडला तर रस सुटत नाही. हा अंदाज हातालाच असतो. हळूहळू पोय खाली वाकवली जाते. काही दिवसांनी टोक छाटले की थेंब गळू लागतात. मग खाली मडके बांधायचे. कापलेला भाग वाळून बंद होतो, म्हणून धारदार कोयतीने रोज पातळ काप काढून तो ताजा ठेवावा लागतो. दिवसातून तीनदा चढावे लागते. माड दहा असतील तर तीस वेळा!

ताज्या रसात सुमारे १५ टक्के साखर असते. ही नीरा. मडक्यातले आणि हवेतले सूक्ष्म जीव लगेच कामाला लागतात आणि काही तासांत तिची माडी होते. आणखी ठेवली तर शिरका. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते. ताजा रस आटवून गूळही करतात.

सरकारचे लक्ष या झाडावर पूर्वीपासून आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने रस काढण्यावर कराचा बोजा आला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय रस काढता येत नाही.

चढण्यासाठी खोडाला खाचा पाडतात. माड शेंड्याकडूनच वाढतो, त्यामुळे खाच आहे त्याच उंचीवर राहते. आणि त्याच्या खोडाची जखम भरून येत नाही. आमच्या परड्यातल्या माडावर आजोबांनी पाडलेल्या खाचांतच वडील पाय ठेवतात. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते. कमरेला दोर नसतो. पाय सुटला की माणूस गेला, किंवा जन्माचा अंथरुणाला खिळला.

म्हणूनच वडील मला सांगतात, "तू शिक, माडार चडू नको." आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला आणि माडावर न चढणाराही पहिलाच. त्यांच्यानंतर त्या खाचांत पाय ठेवणारे आमच्याकडे कोणी नाही. धंदा जगावा की सुटावा, हे मला अजून ठरवता येत नाही; पण त्यामागची अक्कल निदान लिहून तरी ठेवली पाहिजे, असे वाटते.