मोतीही हवा, मोगराही हवा

सकाळी चहाचा कप घेऊन तुम्ही बाल्कनीत जाता. काल संध्याकाळीच नर्सरीतून आणून लावलेलं मोगऱ्याचं रोप मुळांसकट बाहेर आलेलं असतं, माती लादीभर पसरलेली असते आणि तिच्यात चार छोट्या पायांचे ठसे उमटलेले असतात. गुन्हेगार सोफ्याखाली बसून शेपटी हलवत असतो. तुम्ही ओरडता, तो कान पाडतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तीच कुंडी हुंगायला जातो.

मग घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, ‘‘तुळशीजवळ हा फिरकता कामा नये.’’ नातू म्हणतो, ‘‘मग कुंड्याच काढून टाका.’’ मधल्या मध्ये आईच्या हाती रोज झाडू येतो. खरं तर कुत्रा-मांजर आणि बाग एकाच घरात छान नांदू शकतात. त्यासाठी थोडी माहिती, थोडी हुशारी आणि बराचसा संयम हवा. शिवाय प्रश्न फक्त रोपांचा नाही. बागेतली काही झाडं, खतं आणि ‘घरगुती उपाय’ आपल्या लाडक्यांच्या जिवावरही बेतू शकतात. म्हणून बचाव दोघांचाही करायचा आहे.

आधी कारण शोधा

कुत्रा खोडसाळपणा म्हणून माती उकरत नाही. त्यामागे बहुतेक वेळा यातलं एखादं कारण असतं :

• दिवसभर घरात बसून तो कंटाळलेला असतो आणि अंगातली रग जिरलेली नसते.
• उन्हाळ्यात ओलसर माती पोटाला गार लागते, म्हणून तो वाफ्यात खड्डा करून बसतो.
• मातीत उंदीर, घूस किंवा किड्यांचा वास येतो.
• खताचा वास त्याला खाऊसारखा वाटतो.

मांजराचं गणित वेगळं. विष्ठा मातीखाली पुरणं हा तिचा उपजत स्वभाव. भुसभुशीत, कोरडी, नुकतीच खुरपलेली कुंडी दिसली की तिला ती स्वतःसाठीच तयार केलेली जागा वाटते. पानं चावणं हाही तिच्या स्वभावाचाच भाग आहे.

कारण कळलं की अर्धं काम झालं. कंटाळलेल्या कुत्र्याला कुंडीभोवती जाळी लावून उपयोग नाही. तो कुंडी सोडून चपला चावायला घेईल.

कुत्र्यासाठी काय कराल?

सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणा. फक्त गेटपर्यंत नेऊन आणणं म्हणजे फिरवणं नव्हे, त्याला हुंगायला, धावायला वेळ द्या. घरी एकटं ठेवून जाताना चावायला खेळणं द्या आणि बाल्कनीचं दार बंद ठेवा.

अंगण असेल तर एका कोपऱ्यात त्याच्या हक्काची उकरायची जागा करा. विटा लावून छोटा हौद करा, त्यात वाळू भरा आणि त्याची खेळणी पुरून ठेवा. तिथे उकरलं की शाबासकी आणि खाऊ द्या. वाफ्यात उकरताना दिसला की न मारता, न ओरडता त्याला उचलून वाळूत आणा. काही आठवड्यांत त्याच्या लक्षात येतं. उन्हाळ्यात सावलीत ओलं गोणपाट आणि पाण्याचं भांडं ठेवलं तर गारव्यासाठी त्याला वाफा लागत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तासाभरापूर्वी केलेल्या नुकसानीसाठी आत्ता रागावलात, तर कुत्र्याला त्याचा अर्थ कळत नाही. तो फक्त तुम्हाला घाबरायला लागतो.

मांजरासाठी काय कराल?

पहिली गोष्ट म्हणजे घरातली लिटर ट्रे रोज साफ करा. ट्रे घाण असेल तर मांजर कुंडीकडे वळणारच. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवावी. ट्रे शांत ठिकाणी असावी, वॉशिंग मशीनच्या खडखडाटाशेजारी नको.

पानं चावणाऱ्या मांजरासाठी गव्हांकुर लावा. एका पसरट भांड्यात मूठभर गहू रात्रभर भिजवून पेरले की साधारण आठवडाभरात हिरवंगार गवत तयार होतं. ते तिच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवा. स्वतःची ‘भाजी’ मिळाली की तुमच्या रोपांवरचं तिचं लक्ष कमी होतं.

मांजराने कुंडीत विष्ठा केली असेल तर हातमोजे घालून वरची माती काढून टाका. गरोदर स्त्रीने हे काम करूच नये, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिसचा संसर्ग होऊन गर्भाला धोका पोहोचू शकतो. अशा कुंडीत कोथिंबीर, मेथी, पुदिना लावू नका आणि ती माती कंपोस्टमध्येही टाकू नका.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आणखी एक काळजी घ्या. बाल्कनीच्या कठड्याला लागून कुंड्यांचं स्टँड ठेवलं की मांजराला वर चढायला आयती पायरी मिळते. आधी जाळी बसवा, मगच कठड्याजवळ कुंड्या मांडा.

कुंडीची तटबंदी

• मातीवर नदीतले मोठे, गुळगुळीत गोटे पसरा. पाणी खाली झिरपतं आणि उकरता येत नाही. गोटे तोंडात मावणार नाहीत इतके मोठे असावेत.
• कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी कुंडीच्या मापाने गोल कापा, मधे खोडापुरती जागा ठेवा आणि मातीवर अंथरून पातळ माती टाका. कापलेली टोकं खाली वळवायला विसरू नका.
• बी पेरलेल्या कुंडीवर जुनी प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला. ऊन-पाणी मिळतं आणि कोंब सुरक्षित राहतात.
• लहान रोपांभोवती आइसक्रीमच्या काड्या किंवा बोथट बांबूच्या काटक्या दाटीने रोवा. मांजराला बसायला जागाच उरत नाही.
• नाजूक रोपं टांगत्या कुंडीत किंवा भिंतीवरच्या स्टँडवर न्या. मात्र स्टँड भिंतीला पक्कं बसवा. नाहीतर मांजर, कुंडी आणि स्टँड तिघंही खाली यायचे.
• अंगणात कुत्र्याचा ठरलेला रस्ता असतो. बहुधा तो कुंपणाच्या कडेने जातो. तिथे वाफा करण्याचा हट्ट सोडा, फरशी टाका आणि वाफा थोडा आत घ्या.

संत्री-मोसंबीच्या सालींचा वास कुत्र्या-मांजरांना आवडत नाही. साली कुंडीत ठेवून पाहायला हरकत नाही, पण वास दोन दिवसांत उडतो. भरवसा जाळी आणि गोट्यांवरच ठेवा.

घरात ससा असेल तर मात्र शिकवणीवर विसंबू नका. कोवळं पान म्हणजे त्याचं जेवणच आहे. त्याला बागेत सोडायचं तर रोपांभोवती कुंपण हवं आणि तुमची नजर त्याच्यावर हवी.

तुळशीचं काय?

कुत्र्याच्या लघवीत नायट्रोजन आणि क्षार भरपूर असतात. थोड्या प्रमाणात नायट्रोजन हे खतच, पण एकाच जागी रोज पडलं तर मुळं आणि पानं करपतात. हिरवळीवर दिसणारे पिवळे गोल डाग त्याचेच. लघवी केल्याचं दिसताच त्या जागी बादलीभर पाणी ओतलं तर नुकसान बरंच टळतं. लघवीचा परिणाम कमी व्हावा म्हणून डॉक्टरांना न विचारता कुत्र्याला कोणतंही औषध देऊ नका.

नर कुत्रे हद्द आखण्यासाठी उभ्या वस्तूवर लघवी करतात, म्हणून कोपऱ्यातली कुंडी किंवा तुळशी वृंदावन त्यांच्या तावडीत सापडतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे तुळस कमरेइतक्या उंच कट्ट्यावर ठेवणं. बाहेर फिरून, मोकळा होऊन आल्यावरच त्याला अंगणात सोडा. नसबंदी केल्यावर अनेक नरांची ही सवय कमी होते. एकदा ओली झालेली जागा पाण्याने नीट धुवा, नाहीतर तो वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो.

हे ‘उपाय’ मुळीच नकोत

वैतागून माणूस काहीही करतो. पण पुढच्या गोष्टी कुणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू नका :

• डांबराच्या गोळ्या : त्यांतलं नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांसाठी विषारी असतं. लहान मुलांसाठीही.
• मिरची पूड : पंजांना लागते, पंजे चाटताना तोंडात आणि चेहरा पुसताना डोळ्यांत जाते. मुक्या जिवाला नुसता जाळ सहन करावा लागतो.
• फिनेल : मांजराचं शरीर फिनॉलसारखी रसायनं नीट पचवू शकत नाही. पायाला लागलेलं फिनेल चाटूनही विषबाधा होऊ शकते.
• सुगंधी तेलं : निलगिरी, टी ट्री, पुदिन्याची तीव्र तेलं मांजरांना घातक ठरू शकतात.

बागेत येणारा कुत्रा किंवा मांजर गल्लीतलं असलं तरी नियम तोच. प्राण्यांशी क्रूरतेने वागणं हा १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

खताच्या पिशवीतला धोका

याकडे आपलं सहसा लक्षच जात नाही. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. ते घातलं की कुत्रा कुंडी उकरणारच. ते जास्त खाल्लं तर पोटात गोळा होऊन अडथळा होऊ शकतो. त्याहून गंभीर आहे एरंडीची पेंड. एरंडीच्या बियांमधलं रिसिन हे अत्यंत जहाल विष आहे आणि नीट प्रक्रिया न झालेल्या पेंडीत ते शिल्लक राहतं. पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो, त्यामुळे ते ती चवीने खातात. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड आणूच नका. त्याऐवजी नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत वापरा आणि मातीत मिसळून वर गोटे ठेवा.

स्वयंपाकघरातून कुंडीत जाणाऱ्या गोष्टीही तपासा. कांद्या-लसणाच्या साली आपण हौसेने घालतो, पण कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. वापरलेली चहा पावडर आणि कॉफीचा चोथा यांत कॅफिन उरलेलं असतं. या गोष्टी घट्ट झाकणाच्या कंपोस्ट डब्यात टाका. बुरशी आलेलं अन्न खाऊनही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, म्हणून तो डबा त्यांच्या आवाक्याबाहेर हवा. गोगलगायी मारण्याच्या गोळ्याही बहुतेक वेळा तितक्याच घातक असतात. औषध फवारल्यावर पानं पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना बागेत सोडू नका.

कोणतं झाड ठेवायचं, कोणतं नाही?

सर्वात आधी लिली. फुलांच्या गुच्छात येणारी मोठी, सुगंधी लिली आणि बागेतली डे लिली मांजरांसाठी प्राणघातक आहेत. पान, फूल, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करू शकतं. घरात मांजर असेल तर वाढदिवसाला आलेल्या गुच्छातली लिली दारातच काढून टाका. पीस लिली हे वेगळं झाड. त्याने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडावर तसा परिणाम होत नाही.

बंगल्याच्या दाराशी शोभेसाठी लावतात तो सायकस कुत्र्यांचं यकृत निकामी करतो. त्याच्या बिया सर्वात जहाल असतात. पांढरी-गुलाबी कण्हेर, पिवळी कण्हेर आणि अडेनियम हृदयावर परिणाम करतात. पानफुटी आणि तिच्या कुळातला कलांचोही त्याच यादीत येतो. धोतराही नको. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया आणि अळू चावल्यास तोंडाला खाज आणि सूज येते. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. हे दुसऱ्या गटातलं झाड आवडतं असेल तर उंचावर टांगा. पहिल्या गटातलं मात्र घरात ठेवू नका.

निर्धास्तपणे लावता येतील अशी झाडंही पुष्कळ आहेत : मोगरा, गुलाब, अरेका पाम, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, आफ्रिकन व्हायोलेट. मात्र गुलाबाचे काटे पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाहीत, एवढं बघा.

विषारी काही खाल्लंच तर

लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका. तोंडात उरलेलं पान काढा, खाल्लेल्या झाडाचा फोटो काढा किंवा तुकडा पिशवीत घ्या आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. मांजराच्या अंगावर लिलीचे पराग दिसले तर तिला अंग चाटू न देता ओल्या फडक्याने ते पुसून काढा आणि तिला तसंच दवाखान्यात घेऊन जा. जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि उपटलेल्या रोपाचं काय?

घाबरू नका. मुळं ओली असतील तर रोप लगेच परत लावा, भरपूर पाणी द्या आणि काही दिवस सावलीत ठेवा. मुळं सुकायला लागली असतील तर आधी थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवा. मोडलेली फांदी धारदार कात्रीने स्वच्छ कापा आणि नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका. मोगऱ्याची मोडलेली फांदी ओल्या मातीत खोचून पाहा. एकाची दोन रोपंही होतील.

राहिला घरातला वाद. तुळस उंच कट्ट्यावर गेली, कोपऱ्यात वाळूचा हौद झाला आणि संध्याकाळी कुत्र्याला फिरवायची जबाबदारी नातवाने घेतली, की आजीची कुरकुर आपोआप कमी होते. मग एखाद्या सकाळी ती तुळशीला पाणी घालताना मोती शेजारीच शांत बसलेला दिसेल. पाणी घालून झालं की आजी त्याला हळूच अर्धी पोळी देईल, कुणाला न सांगता.