हिरड्यांतून येणारे रक्त : दुर्लक्ष करू नये अशी खूण

“दाताला कीड नाही, ठणकही नाही, पण दात हलतो आणि भाकरी चावता येत नाही.” धाराशिव जिल्ह्याच्या गावोगावहून दंतविभागात येणाऱ्या रुग्णांची ही तक्रार आम्हांस परिचयाची आहे. ज्वारीची भाकरी हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांच्या दृष्टीने दात जाणे म्हणजे आहारच तुटणे होय. निरोगी दिसणारा दात का हलतो, याचे उत्तर दातात नसून हिरडीत असते.

दातांच्या मुळाशी जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो रोज न निघाल्यास लाळेतील क्षारांमुळे टणक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. मग हिरडी लाल होते, सुजते व दात घासताना रक्त येते. ही पहिली अवस्था. ती दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षिली जाते. वास्तविक याच अवस्थेत रोग पूर्ण बरा होऊ शकतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, फटीत पू होतो, तोंडास दुर्गंधी येते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच लोक ‘पायोरिया’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत ‘दंतवेष्ट’ या नावाने रक्त, पू व हलणारे दात ही लक्षणे नोंदविलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार या रोगाच्या तीव्र स्वरूपाने जगातील 100 कोटींहून अधिक लोक ग्रस्त आहेत.

आपल्या भागात मिश्रीचा प्रश्न विशेष गंभीर आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही पूड अनेक माता-भगिनी दात स्वच्छ राहावेत म्हणून लावतात आणि पुढे तिचे व्यसन जडते. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. घरच्या मिश्रीला मात्र व्यसन मानलेच जात नाही. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि रोग आत वाढत असूनही रक्त फारसे येत नाही. म्हणून तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्यांनी ‘रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठीक आहेत’ असे समजू नये.

मधुमेही रुग्णांत हा रोग लवकर बळावतो आणि हिरड्यांची सूज रक्तातील साखर आटोक्यात येऊ देत नाही. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. या दोन्ही प्रसंगी दंततपासणी आवर्जून करून घ्यावी.

पहिल्या अवस्थेत कीटण काढणे व योग्य रीतीने दात घासणे एवढ्यानेच काम भागते. रोग पुढे गेला असल्यास हिरडीखालील मुळे स्वच्छ करावी लागतात, क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. झिजलेले हाड बहुधा पूर्ववत होत नाही. झीज थांबविणे मात्र शक्य असते. ‘दात साफ केल्याने ते सैल होतात’ हा समज निराधार आहे. दात आधीच सैल झालेले असतात. कीटण निघाल्यावर ते जाणवते, इतकेच. काही दिवस थंड पाणी झोंबते, पण ते ओसरते.

उपचारानंतरची फेरतपासणी तितकीच आवश्यक आहे. ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची ती हमखास चुकते. त्यांनी गाव सोडण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी व परतल्यावर पुन्हा यावे, अशी आमची विनंती आहे.

सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपासून दात घासावेत. रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये. थांबविल्याने थर वाढतो आणि रोगही. मिश्री, राखुंडी व वीट यांचा वापर टाळावा. आठवडाभर नीट घासूनही रक्त थांबले नाही, तर दात हलण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडे यावे. हलू लागलेला दात वाचविण्यापेक्षा रक्त येणारी हिरडी बरी करणे कितीतरी सोपे व कमी खर्चाचे आहे.