‘गाडी आचके देते’ : यंत्रसंकेत आणि अर्थनिर्णय

पेट्रोलवरील मोटारीला मागाहून सीएनजीची जोडणी करून घेणे ही ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात नित्याची गोष्ट आहे. या जोडणीत केवळ टाकी व नळ्या येतात असे नव्हे. प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस पुरविणाऱ्या जोडणीत इंजिनाचा एक दुसरा संगणकही मोटारीत येतो. जोडणीनंतरच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या दोन संगणकांच्या परस्परसंबंधात असते. हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेत कसा येतो, ते पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

मूळ संगणक इंजिनाची गती, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान इत्यादींवरून पेट्रोलचे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवावयाचे ते ठरवितो. दुसरा संगणक हा आदेश मध्येच अडवितो, त्या कालावधीला आपल्या कोष्टकातील गुणकाने गुणितो, गॅसचा दाब व तापमान लक्षात घेतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. त्याचे कार्य मूलतः भाषांतरकाराचे होय. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, मिथेनला सुमारे १७.२ पट, तेव्हा शब्दशः भाषांतर येथे चालत नाही.

भाषांतरात गॅस कमी पडला, तर एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर तसे कळवितो. मूळ संगणकाला इंधन बदलल्याची जाणीव नसते. तो कालावधी वाढवितो आणि हा धडा स्मरणात ठेवतो. पुढे गाडी पेट्रोलवर आणताच तोच धडा लागू होऊन पेट्रोल अधिक जाते. ‘गॅस बसविल्यापासून पेट्रोलवरही गाडी बिघडली’ या तक्रारीची उपपत्ती बहुधा अशी लागते.

सोस्यूर याच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक मानला आहे. त्याचा प्रत्यय येथे येतो. तापमापक सेन्सरचा विद्युत्-रोध २.२ किलोओहम भरला, तर एका जातीच्या सेन्सरबाबत त्याचा अर्थ २५ अंश होतो. दुसऱ्या जातीबाबत तोच ४० अंशांहून अधिक होतो. संगणकात सेन्सरची जात चुकीची नोंदली गेली, तर इंजिन थंड असतानाच गाडी गॅसवर जाते व बंद पडते. येथे एकही भाग नादुरुस्त नसतो.

यावरून तपासाचा क्रम ठरतो. गॅसगळतीची शंका प्रथम दूर करावी. मग गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी; दोष तेथेही असेल, तर तो गॅसचा की स्मरणातील धड्याचा की मुळातला, हे दुरुस्तीचे आकडे वाचून ठरवावे. त्यानंतर बॅटरीचा पुरवठा, अर्थिंग व तारांचे जोड पाहावेत. रात्रभर उभ्या गाडीत सर्व तापमापकांनी जवळजवळ हवेइतकेच तापमान दाखविले पाहिजे. शेवटी एकाच गतीला व भाराला पेट्रोलचा कालावधी दोन्ही इंधनांवर ताडून पाहावा. गॅसवर तो वाढत असेल, तर गॅसचे माप कमी आहे.

प्रस्तुत लेखकाची मोटार घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर आचके देऊ लागली, तेव्हा एका गॅरेजात ‘मिसिंग आहे’ एवढेच आम्ही सांगितले. कारागिराने त्या शब्दाचा आपल्या व्यवसायातील अर्थ घेतला, अर्थात एका सिलिंडरात ठिणगी वा ज्वलन हुकते असा; आणि प्लग व कॉइल बदलली. गॅसला ठिणगी अधिक जोरकस लागते, त्यामुळे हा तर्क अगदीच निराधार नव्हता. तथापि दोष राहिलाच. ‘चढावर, गॅसवर, इंजिन तापल्यावर’ हे तीन शब्द आम्ही दुसऱ्या कारागिरास सांगितले, तेव्हा त्याने कोष्टकातील भारी भाराचा गुणक वाढविला आणि दोष गेला.

पी ०१७१ हा दोषसंकेत ‘मिश्रणात इंधन कमी’ एवढेच सांगतो. कारण सांगत नाही. चालकाचे वाक्यही तसेच. संकेत हे विधान असते, निदान नव्हे. हा भेद विसरल्याची किंमत रिक्षा-टॅक्सी चालविणारा माणूस बुडालेल्या दिवसाच्या कमाईने देतो, आणि चढावर गाडी बंद पडली तर कदाचित त्याहूनही मोठी. ‘केव्हा, कशावर, कोणत्या भाराखाली’ हा संदर्भ शब्दाबरोबर नोंदविणे, ही भाषाभ्यासकाची शिस्त गॅरेजातही उपयोगी पडते.