भिजली तरी ऊब देणारी घोंगडी

पावसाच्या झडीत माळावर मेंढरं राखणारा धनगर कोल्हापूरकरांना नवा नाही. हातात काठी, डोक्यावरून घोंगड्याची खोळ. घोंगडं वरून चिंब, तरी आतला माणूस उबेत! सुती चादर एवढी भिजली असती, तर त्याला हुडहुडी भरली असती. लोकरीत असं आहे तरी काय?

लोकरीचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की उत्तर दिसू लागतं. प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. त्यांच्यावर स्निग्ध थर असल्यामुळे पाण्याचा थेंब घरंगळून जातो. पाण्याची वाफ मात्र तंतूच्या आत शिरते. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. त्याहून नवल म्हणजे, हा ओलावा शोषताना तंतूतून उष्णता बाहेर पडते. दमट हवेत घोंगडी स्वतःच थोडी ऊब तयार करते! शिवाय तंतूंच्या वळ्यांमध्ये हवा कोंडून राहते आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

हीच कोंडलेली हवा मध्ययुगीन इंग्लंडलाही तारत होती. तिथे कोकराचं कातडं लोकरीसकट अंगरख्याला आतून लावत. लोकर अंगाकडे असे आणि गळ्याशी, बाह्यांशी तेवढी तिची झालर दिसे. कुणी कोणती फर घालावी, हेही कायद्याने ठरलेलं होतं. 1363 च्या कायद्यानुसार कारागिरांच्या बायकांना कोकरू, ससा, मांजर आणि कोल्हा एवढ्याच फरची मुभा होती. भारी फर वरच्या वर्गाची.

आपल्या धनगरांनी वाट वेगळी धरली: कातडं नाही, फक्त लोकर घ्यायची. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरायची आणि पुन्हा चरायला सोडायची. तिची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी, म्हणून रंगाची गरज नाही. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. लोकर पिंजून चरख्यावर सूत काढलं जातं. घोंगड्या विणणारे सणगर कारागीर चिंचोके दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्याने ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, चढवतात. खरबरीत सूत मागावर तुटू नये, म्हणून ही युक्ती. ती खळ वाळली की घोंगडीला तिचा ताठपणा येतो.

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला भंडारा आणि खारकेबरोबर लोकरही उधळली जाते. पोट भरणाऱ्या मेंढीचा मान देवाच्या दारात एवढा मोठा! बाजारात मात्र त्याच लोकरीला कातरणीची मजुरीही सुटेल असा भाव मिळत नाही. मटणासाठी वाढवलेल्या माडग्याळ मेंढीच्या अंगावर तर लोकर जेमतेमच. लोकर राहिली नाही, तर मागही थांबतील.

म्हणून पुढची चादर घेताना हातमागावरची घोंगडी घ्या. पारख सोपी आहे. कडेचा एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर अस्सल. वितळून त्याची टणक गोळी झाली, तर ते प्लॅस्टिक आहे.