तळ्याचा ताळेबंद

बदलीच्या नोकरीत माणसाला अनेक गावे पाहावयास मिळतात. त्यांतील फार थोडी आपल्या घरात येऊन बसतात. चेन्नईच्या दक्षिणेचे तांबरम आमच्या घरात असेच आले. माझी तेथून पुण्यास बदली झाली, मुलगी मात्र शिक्षणासाठी आणि पुढे संगणक कंपनीतील नोकरीसाठी तेथेच राहिली. एके रात्री तिचा दूरध्वनी आला. "बाबा, एका पर्यावरण संस्थेत प्रोग्राम मॅनेजरची जागा निघाली आहे. मी अर्ज लिहिला आहे. तुम्ही एकदा वाचाल का?"

खरे सांगावयाचे तर माझ्या मनात प्रथम तळे आले नाही, तिच्या सदनिकेच्या कर्जाचा हप्ता आला. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता आणि नेमणूक प्रकल्पापुरती, म्हणजे तीन वर्षांची. नकार देण्याचा अधिकार मला नव्हता. अर्ज तपासण्याची सवय मात्र होती. आयुष्यभर कर्जप्रस्ताव वाचलेला माणूस दुसरे काय करणार!

अर्जाची सुरुवात "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे" अशी होती. त्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. "शेतीची आवड आहे" एवढ्यावर आपण ट्रॅक्टरला कर्ज देत नाही. जमीन किती, पाणी कोठले, परतफेड कशी, हे विचारतो. मी तिला तेच विचारले. तू कोणते तळे पाहिले आहेस? त्याचे पाणी कोठून येते व कोठे जाते? ते कोणाच्या मालकीचे आहे? पैसा कोण देणार आणि हिशेब कोणाला द्यावयाचा?

उत्तरे शोधण्यासाठी तिला दूर जावे लागले नाही. तांबरमच्या परिसरात जुनी तळी आहेत. तमिळमध्ये त्यांना 'एरी' म्हणतात. एक एरी भरली की सांडव्यावरून पाणी खालच्या एरीत उतरते, तेथून तिच्या खालच्या. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. साखळीतील एखाद्या दुव्यावर घरे उभी राहिली, की पाणी आपली जुनी वाट शोधीत त्या घरांतून जाते. डिसेंबर २०१५ मध्ये तांबरमला एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस झाला, अड्यार नदीला पूर आला आणि जवळच्या मुडिचूर भागातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या रात्री मुलगी मैत्रिणीकडे दुसऱ्या मजल्यावर होती. दोन दिवस तिचा आवाज आम्हांला ऐकू आला नाही. या गोष्टीचा अर्जात उल्लेखही नव्हता! "ते खाजगी आहे," ती म्हणाली. मी म्हटले, "ते लिही. पण दोनच ओळींत, आणि लगेच पुढे तळ्याकडे वळ."

याच मुडिचूरच्या अरुण कृष्णमूर्ती या तरुणाने गूगलमधील नोकरी सोडून तळी स्वच्छ करण्याचे काम पूर्णवेळ पत्करले. 'एन्व्हायर्नमेंटलिस्ट फाउंडेशन ऑफ इंडिया' ही त्यांची संस्था. कीळकट्टळै तलावाच्या कामासाठी २०१२ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आता तांबरम महानगरपालिकेत असलेल्या सेंबाक्कम येथील तळ्यावर 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी', 'केअर अर्थ ट्रस्ट' आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून काम केले. या तळ्याचे पाणी पुढे पल्लीकरणैच्या पाणथळ भूमीकडे जाते. एकीकडे कचऱ्याचे ढीग झेलणाऱ्या या पाणथळीचा २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. सांगावयाचा मुद्दा एवढाच, की हे क्षेत्र आता केवळ हौसेचे राहिलेले नाही. तेथे अभियंते, वनस्पतिशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आहेत. आणि या सर्वांना एका वेळापत्रकात व एका अंदाजपत्रकात बसविणारा जो माणूस लागतो, तो प्रोग्राम मॅनेजर.

वेळापत्रकाचीच गोष्ट पाहा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो; चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणून गाळ काढणे, बांध घालणे ही कामे उन्हाळ्यात सुरू करून सप्टेंबरअखेर आटोपावी लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. वर्षअखेरीस घाईने पैसा मिळतो तेव्हा तळ्यात अजून पाणी असते. तळे आटते तेव्हा नवे आर्थिक वर्ष सुरू झालेले असते. तळ्याला मार्चअखेर ठाऊक नाही! शाखेत मार्चअखेर काढलेल्या आपल्या सहकाऱ्यांना या वाक्याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

परदेशी देणगी असेल तर नियम आणखी कडक. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी झाली. शिवाय तळे संस्थेच्या मालकीचे कधीच नसते. ते जलसंपदा खात्याचे असते किंवा स्थानिक संस्थेचे. परवानगी एकाची, पैसा दुसऱ्याचा, काम तिसऱ्याचे आणि पाणी सगळ्यांचे. आवड हवीच; पण ही चार टोके हाती धरता येतात याचा पुरावा अर्जात नको का?

मुलीने अर्ज पुन्हा लिहिला. संगणक कंपनीत तिने अकरा जणांच्या गटाचे काम पाहिले होते, दोन वेळा अंदाजपत्रकाच्या आत प्रकल्प पूर्ण केला होता. या गोष्टी वर आल्या. आपल्या वस्तीजवळच्या एका एरीभोवती सहा रविवार फिरून सांडपाणी कोठून मिसळते याचा नकाशा तिने काढला आणि तो अर्जासोबत जोडला. तमिळ उत्तम बोलते, हे तर ती लिहावयासच विसरली होती! मजूर, वस्तीतील बायका आणि कार्यालयातील लिपिक यांच्याशी ज्या भाषेत बोलावयाचे, ती भाषा अर्जाच्या शेवटच्या ओळीत कशी चालेल?

हप्त्याचा प्रश्न आम्ही निराळा बसून सोडविला. बचतीतून कर्जाचा काही भाग आधी फेडला, परतफेडीची मुदत वाढवून घेतली आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव अलग ठेवली. प्रकल्पावरील नेमणूक स्वीकारणाऱ्या कोणालाही मी हेच सुचवीन, राजीनाम्यापूर्वी.

पहिल्या संस्थेकडून उत्तरच आले नाही. दुसरीने मुलाखतीस बोलाविले. प्रश्न होता: बांध अर्धा झाला आहे, पाऊस दोन आठवडे आधी आला, देणगीदार म्हणतो रक्कम मार्चपर्यंत संपवा. तुम्ही काय कराल? ती म्हणाली, खोदाई त्याच दिवशी थांबवीन, झालेला बांध दाबून पक्का करीन, सांडवा मोकळा ठेवीन आणि संध्याकाळच्या आत देणगीदाराला लेखी कळवीन. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर असेल तर कंपनीला उरलेली रक्कम वर्षअखेरीनंतर ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. तशी विनंती करीन, पण घाईने खोटे देयक लावणार नाही.

नेमणूक झाली. आता तिचे दूरध्वनी येतात ते उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुन्याविषयी, आणि निवृत्तीनंतर मला पुन्हा चष्मा शोधावा लागतो. दिवाळीला ती पुण्यास येत नाही. तेव्हा तांबरमला पावसाचे दिवस असतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती बहुधा कोठल्या तरी सांडव्यावर छत्री घेऊन उभी असते. फराळाचा डबा आम्ही आधीच कुरिअरने धाडतो.