फोटोत गाडी सुसाट, रस्त्यावर मात्र ताशी ५!

सुरतच्या नवागाम-डिंडोलीत खान्देशी वस्ती मोठी. नवी गाडी आली की 'पळता' फोटो हवाच, मग कुणीतरी दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून लोंबकळणार. नसता उद्योग! जाणकार फोटोग्राफर गाडीलाच व्हॅक्यूम कपांनी लांब दांडा लावतात, टोकाला कॅमेरा. इंजिन बंद, गाडी हाताने ढकलायची. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर, शटर २ सेकंद उघडं ठेवलं की गाडी पावणेतीन मीटर सरकते. कॅमेरा तिच्यासोबतच सरकतो, म्हणून गाडी स्पष्ट, रस्ता आणि चाकं धूसर. उन्हात एनडी फिल्टर हवाच, नाहीतर फोटो पांढराफटक. दांडा नंतर फोटोशॉपमध्ये पुसतात. जागा रिकामी, बंद आवारातली बघावी. कप कधीही सुटतो, म्हणून कॅमेरा वेगळ्या दोरीनेही बांधतात.